त्याची बाजू

खोली सोळा फूट लांब, दहा फूट रुंद. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. माझ्या बाजूला नऊ फूट, यज्ञेशच्या बाजूला सात. माझ्या बाजूला खोलीचं दार, एक खिडकी, लोखंडी खाट आणि खोलीतला एकुलता एक प्लगचा बोर्ड. त्याच्या बाजूला पलंग, टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर आणि खुंटीवर एक निळं जर्किन. पार्टिशनच्या एका टोकाला माणूस जाईल एवढी जागा सोडलेली, तिथं पडदा. बोर्डापासून दोन मीटरची वायर प्लायखालच्या फटीतून त्याच्या टेबलापर्यंत गेलेली. ती थोडी जास्तच व्हायची, म्हणून तिची एक गुंडाळी टेबलाच्या पायाशी पडलेली असायची.

कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच, ९३१ जीबीची. तिचे दोन भाग. पहिला ४०७ जीबीचा, त्यात यज्ञेशचं सगळं. दुसरा ५२४ जीबीचा, पूर्ण रिकामा.

काहीही बदलण्याआधी काय होतं ते मोजून ठेवायचं, ही सवय मला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत लागली. त्यामुळे वरच्या आकड्यांबद्दल मला शंका नाही.

यज्ञेश माझा मामेभाऊ. नारायणमामा आणि वनमालामामींचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो सकाळी तुळजापुरातल्या या घरातून उमरग्याला मुलाखतीसाठी म्हणून मोटारसायकलवर निघाला. गाडी उलट्या दिशेला सापडली, तामलवाडीच्या फाट्यावर. नीट स्टँडवर लावलेली, किल्ली गाडीलाच. गाडीला ओरखडा नव्हता. यज्ञेश सापडला नाही. मामांनी सोलापूरपासून हैदराबादपर्यंत चौकशी केली, मग हळूहळू बंद केली. मामींनी वाट बघणं बंद केलं नाही. त्याच्या पलंगावरची चादर त्या सकाळी जशी चुरगळलेली होती तशीच होती, आणि तिला कोणी हात लावायचा नाही असा घरातला नियम होता.

मी मूळची ईटची. आमच्या घरी नेट धड चालत नाही, म्हणून मामांकडे राहायला आले होते. पवनचक्क्यांच्या वाऱ्याचे आकडे तपासायचं एक काम मला मिळण्यासारखं होतं. घरी बसून करायचं, आधी नमुना म्हणून थोडं करून द्यायचं, पसंत पडलं तर पक्कं. मात्र त्यांचा प्रोग्राम लिनक्सवरच चालायचा आणि यज्ञेशच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं. एका डिस्कवर दोन्ही ठेवता येतात. एकाच घरात दोन बिऱ्हाडं असावीत तसं. कॉम्प्युटर सुरू झाला की विचारतो, कोणाकडे जायचं.

मामींना मी असंच समजावलं. त्या बराच वेळ पोळ्या लाटत राहिल्या.

"त्याचं काही पुसलं जाणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामी. त्याचा भाग वेगळा, माझा वेगळा. मध्ये भिंत."

"मग कर. पण मामांना शेजारी बसव."

म्हणून मी इन्स्टॉलेशनची भाषा मराठी निवडली. मामा तहसीलमधून निवृत्त झालेले. पुढ्यात आलेली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ त्यांनी वाचावी, मगच मी बटण दाबावं, असं ठरलं.

पहिल्याच प्रयत्नात गाडी अडली. स्क्रीनवर आलं: 'पहिल्या भागातली यंत्रणा बंद केलेली नाही. ती निद्रेत आहे. पुढे जाता येणार नाही.'

यात गूढ काही नव्हतं. कॉम्प्युटर बंद न करता निद्रेत ठेवला की तो सगळं होतं तसं डिस्कवर लिहून ठेवतो आणि झोपतो. वीज काढली तरी त्याच्या लेखी तो झोपलेलाच असतो. यज्ञेश जाताना त्याला निद्रेत ठेवून गेला होता. उपाय सोपा होता: विंडोज सुरू करायचं आणि नीट बंद करायचं. त्याला पासवर्डही लागत नाही.

ते भाद्रपदाचे दिवस होते. पितृपंधरवडा चालू होता, आणि नवरात्राआधीच्या निद्रेसाठी देवी पलंगावर गेली होती. त्या दिवसांत गावच थोडं हळू बोलतं. बंद करावं लागेल हे ऐकून मामी म्हणाल्या, "देवीसुद्धा निद्रेतून उठते, श्रिया. बंद कशाला करायलीस?"

मामांनी मला नजरेनं थांबवलं. मामी देवळात गेल्यावर ते वरच्या खोलीत आले आणि म्हणाले, कर. मी विंडोज सुरू केलं. यज्ञेशच्या नावाची स्क्रीन आली. पासवर्डच्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. मी 'बंद करा' निवडलं. पंखा थांबला. मामांनी सुस्कारा सोडला.

पुन्हा इन्स्टॉलेशन सुरू केलं. 'पहिल्या भागातली यंत्रणा निद्रेत आहे.'

मी तेच चार वेगवेगळ्या पद्धतींनी केलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य. शेवटच्या वेळी माझं लक्ष वाक्याखालच्या आकड्यांकडे गेलं. पहिला भाग ४१९. दुसरा ५१२.

मला वाटलं, आधी मोजताना माझंच चुकलं. मग मी मोबाईलमध्ये पहिल्या दिवशी काढलेला फोटो बघितला. चूक नव्हती.

पुढचे काही दिवस मी प्रयोगशाळेत शिकवल्याप्रमाणे वागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लावून बघितला, तिथं सगळं सुरळीत झालं. म्हणजे पेनड्राइव्ह ठीक. केबल बदलली. मग डिस्कच काढली आणि बसस्टँडजवळच्या बसवेशच्या दुकानात नेली. बसवेश उमरग्याकडचा. कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाला बोलून घेतो.

त्यानं डिस्क त्याच्या मशीनला लावली, तपासणी लावून दिली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत तपासणी संपली.

"ठणठणीत आहे, मॅडम. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगंल."

मी त्याला दोन्ही भागांचे आकडे वाचायला सांगितले.

"चारशे एकतीस. आणि पाचशे."

मी म्हटलं, ही भिंत सरकते आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"भागातल्या फायली वाढतात मॅडम, भिंत कशी सरकंल? तुमीच सरकवली असणार. शिकलेली माणसं लई बटणं दाबतात."

डिस्क कापडात गुंडाळून मी घरी आणली आणि माझ्या खाटेखालच्या पेटीत ठेवली. कॉम्प्युटरला न लावता. दुसऱ्या दिवशी दुपारी लावली. पहिला भाग ४५८.

डिस्क पेटीत होती. तिला वीज नव्हती. मग त्या दिवसापुरतं मी समजून घेणं सोडलं आणि फक्त काम उरकायचं ठरवलं. 'तरीही पुढे जा' असा एक आडमार्ग असतो. मी तो घेतला. या वेळी इन्स्टॉलेशन खरंच सुरू झालं. हिरवी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, मामा चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले, आणि कॉम्प्युटर एकदम बंद पडला.

वीज गेली नव्हती. माझ्या बाजूला पंखा फिरत होता. वायरीचा प्लग बोर्डातून निसटून खाली पडला होता. मी तो परत लावायला गेले तर तो बोर्डापर्यंत पोचेना. वीतभर कमी पडत होता. पडद्याआड जाऊन बघितलं. टेबल जागेवर होतं. भिंतीला टेकलेलं, पायांच्या खुणा फरशीवर होत्या तिथंच. वायरीची गुंडाळी नव्हती. वायर टेबलापासून प्लायखालच्या फटीपर्यंत ताठ ओढलेली होती.

"आखडली असेल," मामा म्हणाले.

वायर आखडत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मी खाली जाऊन गोरोबाकडून चार मीटरची वायर मागून आणली. घरासमोरच त्याचं हळदीकुंकवाचं दुकान आहे.

त्या अर्धवट प्रयत्नातलं माझ्या भागात काही उरलं नाही. पहिला भाग ४९६. नमुन्याचं काम देण्याची मुदत जवळ आली होती. मी त्या लोकांना फोन करून थोडी सवलत मागितली. कॉम्प्युटर नीट होत नाही, असं मी सांगितलं. पलीकडची बाई सौम्यपणे म्हणाली की काम कॉम्प्युटरचंच आहे.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मामा एकटेच वर आले. मामी खाली देवापाशी होत्या. ते यज्ञेशच्या खुर्चीवर बसले नाहीत, पलंगावरही नाही. पडद्यापाशीच उभे राहिले.

"गुरुजी विचारायलेत," ते म्हणाले. "उद्या सर्वपित्री. त्याचं पान मांडायचं का म्हणून."

पान मांडायचं म्हणजे तो गेलेल्यांत धरायचा. दोन वर्षं हा प्रश्न या घरात कोणी उच्चारला नव्हता.

"तुझ्या मामीचं बघतेस तू. रोज संध्याकाळी इथं येऊन त्या मशीनपुढं बसते. मशीन झोपलंय, म्हणून पोरगा पण कुठंतरी झोपलाय असं धरून चाललीय. असं किती दिवस चालायचं." ते थांबले. "तुझं काय अडलंय, ते सांग."

मी त्यांना स्क्रीन दाखवली. सरळ सांगितलं की त्याचा भाग माझ्या भागाला जगू देत नाही. का ते मला कळत नाही. आता दोनच रस्ते आहेत. एक, त्याचा भाग काढून टाकायचा. मग त्यातलं सगळं जाईल, परत मिळणार नाही. दुसरा, मी माझा विचार सोडायचा आणि उरलेली जागाही त्यालाच देऊन टाकायची. पहिला भाग मी निवडला. त्याखाली दोन बटणं आली, शेजारीशेजारी: 'हटवा' आणि 'वाढवा'.

मामा वाकले. त्यांनी दोन्ही शब्द वाचले. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. पहिल्या शब्दावर ते हलायचे थांबले होते.

मग ते सरळ झाले आणि भिंतीवरच्या जर्किनकडे बघत म्हणाले, "वाढव त्याचं."

"सगळं?"

"सगळं. अर्धवट नको ठेवूस."

मला बरं वाटलं. काम हातचं गेलं होतं, तरीही बरं वाटलं. मला वाटलं, बापानं मुलाची बाजू घेतली. मी 'वाढवा' दाबलं. पट्टी भरली. पहिला भाग ९३१. दुसरा भाग यादीत नव्हता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

ते खाली गेले. थोड्या वेळानं मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. ते अंघोळ करत होते. तिन्हीसांजेला. मी जिन्यात येऊन बघितलं. ते ओलेत्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, डोकं न पुसता, आणि मामींना काहीतरी सांगत होते. मामी ऐकत होत्या. त्या जिना चढून वर आल्या, माझ्याकडे न बघता पडदा सारून आत गेल्या, आणि पलंगावरची चादर एका झटक्यात ओढून घेतली. खाली नेऊन त्यांनी ती बादलीत भिजवली. ती पाण्याखाली जाईपर्यंत त्या तिला दोन्ही हातांनी दाबत राहिल्या.

समोर गोरोबा शटर ओढत होता. रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, "वाढवलं का, गोरोबा?"

"वाढवलं," तो म्हणाला.

आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. मामांना 'हटव' म्हणता आलं नव्हतं. ज्या शब्दानं या गल्लीत रोज सगळं बंद होतं, तो शब्द ते म्हणाले होते. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण समोर बटणावर तोच शब्द लिहिलेला होता, आणि मी बटण वाचलं.

मी वर धावले. पहिला भाग निवडला. 'हटवा' दाबलं.

'हा भाग सध्या वापरात आहे.'

कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू होता. त्या भागातलं काहीही सुरू नव्हतं, सुरू असणं शक्य नव्हतं. मी पुन्हा दाबलं. बंद करून, सुरू करून दाबलं.

'हा भाग सध्या वापरात आहे.'

मी वायर काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री झाली. पानं मांडली गेली आणि शेवटी एक पान जास्तीचं मांडलं गेलं. मामींनी त्यावर स्वतः वाढलं. भात, वरण, गवारीची भाजी. गवार यज्ञेशला आवडायची नाही. त्यांच्या लक्षात आलं, त्या क्षणभर थांबल्या, आणि तशीच वाढली. मामा गुरुजींच्या मागून शब्द म्हणत होते. त्यांचा आवाज फक्त नावाशी फुटला.

दुपारी, गुरुजी गेल्यावर, ते माझ्याजवळ आले. एका रात्रीत ते म्हातारे झाले होते. पण चेहऱ्यावर दोन वर्षांत नव्हतं असं काहीतरी होतं. त्याला मी शांतताच म्हणेन.

"पूर्ण वाढवलंस ना?" त्यांनी हळू विचारलं. "मागं काही राहिलं न्हाय ना?"

अंगणातल्या दोरीवर चादर वाळत होती. मामी तिच्या सावलीत पायरीवर बसल्या होत्या, आणि मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांची नजर फाटकाकडे नव्हती.

"हो, मामा," मी म्हटलं. "पूर्ण."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी अजून विसरू शकत नाही. खरं बोलूनच मी त्यांना फसवलं होतं. दुरुस्त करायला गेले असते तर त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं असतं, आणि या वेळी 'हटव' म्हणून.

संध्याकाळी मामींनी वरची खोली पुसायला घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या यज्ञेशच्या बाजूची फरशी पुसत होत्या. मी खिडकीपाशी बसून फडक्याचा आवाज ऐकत होते. तो प्लायपासून लांब लांब जात राहिला. नंतर बराच वेळ मला तो ऐकूच आला नाही.

त्या पडद्यातून बाहेर आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या.

"दमले गं," कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पुसतेय पुसतेय, संपेचना. रिकामी झाली म्हणून वाटायलं असेल."

त्या बादली घेऊन खाली गेल्या. मी मामांच्या पेटीतली स्टीलची टेप आणली.

आधी बाहेरच्या गॅलरीतून पूर्ण भिंत मोजली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दोनदा.

मग माझी बाजू मोजली. प्लायच्या खालच्या पट्टीचे स्क्रू तपासले. गंजलेले, जागच्या जागी. पट्टीच्या कडेची धूळ तुटलेली नव्हती.

मग पडदा सारून आत गेले. उजेड होता. टेबल, खुर्ची, उघडा पलंग, खुंटीवर जर्किन. फरशी अजून ओली होती.

टेपचं टोक पलीकडच्या भिंतीला लावलं आणि टेप सोडत प्लायकडे चालत आले. टोक निसटलं. परत गेले, लावलं, चालत आले. पुन्हा निसटलं.

तिसऱ्यांदा ते निसटलं नाही. टेप ताठ राहिली.

मी प्लायपाशी वाकून आकडा वाचला.

बाहेरून पूर्ण खोली: सोळा फूट.

माझी बाजू: नऊ फूट.

त्याची बाजू: सोळा फूट.